बाहेरच्या खोलीत अडकलेला मुलगा

सकाळी सव्वाअकरा वाजता बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत निघालेला मुलगा मधेच अडकला. त्याचं नाव, जन्मतारीख आणि गळ्यापर्यंतचा फोटो बापूरावांच्या कॉम्प्युटरवर आला. गळ्याखाली नुसता करडा रंग.

"अगं, याचं धड कुठंय?" बापूराव आतून ओरडले.

"मी अख्खा पाठवलाय," सत्यशीलाबाईंनी बाहेरून सांगितलं.

"इथे मुंडकंच पोचलंय."

बाहेरच्या खोलीत चहा घेत बसलेल्या वेणूबाईंनी बशी खाली ठेवली. अडकलेला विश्वजीत त्यांचा मुलगा होता. त्यांचे यजमान गेनबा घाईघाईने उठून आतल्या खोलीच्या दारात आले आणि म्हणाले, "पोरगं अख्खं हाय ओ आमचं. आत्ता हडपसरला जेवताना बघून आलोय."

शनिवार पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खळदकर नवराबायको गेली पंधरा वर्षं वधू-वर सूचक केंद्र चालवत होते. कामाची वाटणी पक्की होती. बाहेरच्या खोलीत सत्यशीलाबाई स्थळाची माहिती कॉम्प्युटरवर भरत, पगाराचे कागद तपासत आणि माणसं जोखत. मग ती माहिती आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर जाई. तिथे बापूराव पत्रिका मांडून गुण जुळवत. दोन्ही कॉम्प्युटर तारांनी एका डबीला जोडलेले होते आणि ती डबी बाहेरच्या टेबलाखाली एका पाटावर विराजमान होती. पंधरा वर्षांत त्या दोन खोल्यांचं कधी बिनसलं नव्हतं. गेल्या महिन्यापासून मात्र जोडणी मनाला येईल तेव्हा जायची आणि मनाला येईल तेव्हा परत यायची.

"डबी उंच धरा, म्हणजे रेंज येईल," बापूराव म्हणाले.

"बाबा, ती तारेनं जोडलीय. उंचीचा काही संबंध नाही," त्यांची मुलगी चैताली तिच्या खोलीतून म्हणाली. ती एका आयटी कंपनीत होती आणि आठवड्यातले चार दिवस घरूनच काम करायची.

"मग तू ये आणि दुरुस्त कर."

"मी सॉफ्टवेअरमधली आहे. हे नेटवर्कचं काम वेगळं असतं."

"असेल. दाताचा डॉक्टर डोळ्याला हात लावत नाही," बापूराव म्हणाले आणि त्यांनी डबी गेनबांच्या हातात दिली, कारण हजर मंडळींत तेच सगळ्यांत उंच होते. गेनबा पाऊण तास डबी डोक्यावर धरून उभे राहिले. वेणूबाई अधूनमधून त्यांना चहाचा घोट पाजत होत्या. विश्वजीत काही गळ्याखाली उतरला नाही.

खरा घोटाळा पुढच्या आठवड्यात उघडकीला आला. विश्वजीतचं धड यायचं राहिलं होतं त्याच जागी नंतर पाठवलेल्या दुसऱ्या मुलाची माहिती येऊन बसली. तो मुलगा जर्मनीत इंजिनियर होता. असा तो अर्धा हडपसरचा आणि अर्धा जर्मनीचा कागद ऋतिका नावाच्या मुलीच्या घरी गेला. त्यांना तो फार आवडला. बघण्याचा कार्यक्रम झाला, पोहे झाले आणि चौथ्या दिवशी गेनबा आणि वेणूबाई पुन्हा केंद्रात हजर झाले.

"सायेब, ह्ये स्टुटगार्ट कुठं आलं?" गेनबांनी विचारलं. "सासवडच्या पुढं का?"

"का हो?"

"पोरीचा बाप मला इचारत हुता, तिकडं थंडी लई असती का म्हणून. म्या म्हणलं, माळावर असती थोडी. मग म्हणला, घरकामाला माणसं मिळत्यात का तिकडं. म्या म्हणलं, सात गडी हायेत. त्यो बायकोकडं बघून म्हणला, जर्मनीत सात गडी! आन् पोरीनं लगेच होकार दिला."

"मग?"

"मग आमच्या विश्वजीतला इचारलं, जर्मन येतं का. त्यो म्हणला, आमच्याकडं जर्मनची भांडी हायेत."

सत्यशीलाबाईंनी डोळे मिटले. वेणूबाई मात्र हसत नव्हत्या. "बाई, पोरगं तीन दिस जेवलं न्हाई," त्या म्हणाल्या. "त्याला ती पोरगी पसंत हुती. आता पुन्हा असं झालं तर आमचा कागुद आम्हाला परत द्या."

पंधरा वर्षांत कागद परत मागायची पाळी कुणावर आली नव्हती. त्यात अडीच महिन्यांवर केंद्राचा मेळावा होता. दोनशे स्थळं एका दिवशी बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत जाणार होती. त्यातली शंभर जरी अशी कलमं होऊन निघाली असती तर केंद्राला टाळंच लावावं लागलं असतं.

अशा वेळी चैतालीने शंभूला आणलं.

"माझ्या ओळखीचा आहे. बघेल तो," एवढंच ती म्हणाली. शंभू मूळचा यवतमाळचा, उंचापुरा, बोलायला मऊ. दारातच चपला नीट जोडून ठेवून तो आत आला, सगळ्यांना नमस्कार केला आणि "बघून राहिलो ना काकू, तुम्ही टेन्शन नका घेऊ," असं म्हणत टेबलाखाली शिरला. वीस मिनिटं त्याचे फक्त पाय दिसत होते. मग आतल्या खोलीतून बापूरावांचा आवाज आला, "आलं!"

सत्यशीलाबाईंनी त्याला थालीपीठ दिलं. त्याने दोन खाल्ली, तिसरं नको म्हणाला आणि ताटली स्वतः उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. सत्यशीलाबाई त्या ताटलीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

तीन दिवसांनी जोडणी पुन्हा गेली. शंभू आला, टेबलाखाली गेला, जोडणी आली. मग ती दर दोन-तीन दिवसांनी जायला लागली. शंभूचे पाय आता बाहेरच्या खोलीतल्या सामानाचा भाग झाले. स्थळं घेऊन येणारी माणसं त्यांना ओलांडून खुर्चीवर बसायला शिकली.

बापूरावांना मात्र हे पटेना. नोकरीत असताना तीस वर्षं त्यांनी खडकवासल्याच्या धरणाच्या पाण्याची पातळी रोज सकाळी वहीत नोंदवली होती. कारणाशिवाय पाणी एक बोटभरही उतरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांनी नवी वही घातली. तारीख, वेळ, तापमान, शेगडीवर काय होतं, कबुतरं कुठे बसली होती, घरात कोण कोण होतं, असे रकाने पाडले. पहिल्या आठवड्यात त्यांचा संशय कुकरवर गेला, म्हणून चार दिवस घरात भात झाला नाही. दुसऱ्या आठवड्यात कबुतरांवर गेला, म्हणून ते गॅलरीत फडकं घेऊन उभे राहिले. जोडणी तरी गेलीच.

शेवटी त्यांनी दोन्ही कॉम्प्युटरांच्या खरेदीच्या पावत्या काढल्या आणि पत्रिका मांडल्या.

"छत्तीसपैकी साडेअकरा गुण," ते जेवताना गंभीरपणे म्हणाले. "आणि बाहेरच्याला मंगळ आहे."

"बाबा, प्लीज," चैताली म्हणाली.

"शांत करता येतो."

"शांत करायची गरज तुम्हाला आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली.

पण वहीने आपलं काम केलं होतं. एका दुपारी जुन्या नोंदी चाळताना बापूरावांच्या लक्षात आलं, की कुकर कधी असतो, कधी नसतो, कबुतरांचंही तेच. पण 'घरात कोण' या रकान्यात चैताली प्रत्येक वेळी होती. ती हडपसरच्या ऑफिसात गेलेली असताना एकदाही जोडणी गेली नव्हती. त्यांनी वही मिटली, टोपी घातली आणि "जरा वाचनालयात जाऊन येतो" असं मोठ्याने सांगून दार ओढून घेतलं. मग पुन्हा हळूच दार उघडून ते गॅलरीच्या पडद्यामागे जाऊन उभे राहिले. सत्यशीलाबाई भाजीला गेल्या होत्या.

दहाव्या मिनिटाला चैताली चवड्यांवर चालत बाहेर आली. टेबलाखाली वाकली, डबीतली एक तार कळेल न कळेल इतकी मागे ओढली आणि खोलीत परत जाताजाता फोनवर म्हणाली, "गेलं. ये."

बापूराव पडद्यामागे ताठ उभे होते. धरणाला गळती सापडल्यावर जो आनंद व्हायचा तो त्यांना झाला. बाप म्हणून काय वाटायला हवं हे त्यांना जरा उशिरा सुचलं. पण एका पाहणीवरून निष्कर्ष काढणं त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. ते कुणाशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरकारी सवयीप्रमाणे लाखेची कांडी वितळवली आणि डबीतल्या तारांवर बाहेरून मोहोर उमटवली.

"हे काय?" चैतालीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बंदोबस्त."

चार दिवस जोडणी ठणठणीत राहिली. चैताली चार दिवस नीट जेवली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बापूराव एका मुलीची पत्रिका मांडत असताना जोडणी गेली.

ते धावत बाहेर आले, गुडघ्यांवर बसून टेबलाखाली डोकावले. मोहोर शाबूत होती. चैताली ऑफिसला गेलेली होती. बापूरावांच्या आयुष्यातला हा कठीण क्षण होता. पाणी उतरलं होतं आणि दरवाजे बंद होते.

"गेलं का परत?" सत्यशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी बोलावते शंभूला. त्याला वेळ असेलच. आणि चैताली दुपारपर्यंत येईलच, तर जेवायलाच ये म्हणते."

मोहोर तशीच असताना जोडणी आणखी चार वेळा गेली. मग बापूराव पुन्हा वाचनालयात गेले, म्हणजे पडद्यामागे गेले. या वेळी त्यांना फार थांबावं लागलं नाही. सत्यशीलाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. इकडे तिकडे बघितलं. मग हातातल्या लाटण्याच्या टोकाने त्यांनी भिंतीवरचं डबीचं बटण बंद केलं आणि फोन लावला.

"शंभू, अरे काय करावं बाबा या मशीनला..."

पडदा बाजूला झाला. सत्यशीलाबाईंच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"तू?" बापूराव म्हणाले. "तूसुद्धा?"

"सुद्धा म्हणजे?"

"आधी तुझं सांग."

सत्यशीलाबाई खुर्चीत बसल्या. "सांगते. माझ्या या कॉम्प्युटरमध्ये अकराशे मुलं आहेत. तुमच्या लेकीने त्यातल्या एकाचाही फोटो पुरता बघितला नाही. तीस वर्षांची होईल आता. लोकांच्या मुली मी उजवते आणि माझी घरात. आणि हा मुलगा टेबलाखाली असतो ना, तेव्हा ती दारात उभी राहून त्याचे पाय बघते. अहो, नुसते पाय! मग मी म्हटलं, येऊ दे चार वेळा. बोलतील, ओळख होईल. त्या दोघांना अजून काही कळलेलं नाहीये, पण मला दिसतंय."

"मग दुरुस्ती कशी होते?"

"तो खाली गेला की दहा मिनिटांनी मी बटण लावते."

बापूराव आत गेले आणि वही घेऊन आले. सत्यशीलाबाईंनी नोंदी वाचल्या, पडद्यामागची पहिली पाहणी वाचली आणि पहिल्यांदा पांढऱ्या, मग लाल झाल्या. "म्हणजे ही कारटी आधीपासून..."

"तेवीस वेळा. त्यातल्या सहा तुझ्या."

"आणि मला सांगितलं नाही? स्वतःच्या आईला? लग्नं जुळवणाऱ्या आईला?"

तासाभराने बेल वाजली. शंभू आला होता. मागोमाग चैताली ऑफिसातून आली. दोघं जिन्यात भेटले नसल्याचं दाखवत वेगवेगळे आत शिरले. शंभूने नमस्कार केला आणि सवयीने थेट टेबलाखाली गेला.

"बाहेर ये," बापूराव म्हणाले.

टेबलाखाली डोकं आपटल्याचा आवाज आला.

चौकशी अर्धा तास चालली. बापूरावांनी वहीतल्या नोंदी क्रमाने वाचल्या. नोंद क्रमांक नऊ, तापमान अडतीस, शेगडीवर वांगी, दुरुस्तीला लागलेला वेळ पंचेचाळीस मिनिटं. चैताली मान खाली घालून ऐकत होती. शंभू डोकं चोळत होता.

"सरळ का नाही सांगितलंस गं?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं तर आई तू बाहेर त्याची मुलाखत घेतली असतीस आणि बाबांनी आत पत्रिका. दोन खोल्यांतून धड कोण पोचतं आपल्याकडे?" चैताली म्हणाली. "विश्वजीतचं काय झालं बघितलंस ना? आणि ते माझ्यामुळे झालं. मला झोप नाही येत त्याने."

बापूरावांनी पेनाचं टोपण लावलं. पत्रिका बघायची त्यांची फार इच्छा होती. पण सत्यशीलाबाई त्यांच्याकडे अशा काही बघत होत्या, की ते फक्त एवढंच म्हणाले, "ठीक आहे. पण यापुढे जोडणी जाता कामा नये."

"नाही जाणार काका," शंभू घाईने म्हणाला.

आणि खरोखरच ती गेली नाही. चैताली स्वतः हडपसरला गेली, ऋतिकाच्या आईवडिलांनाही भेटली आणि झाला प्रकार सांगून माफी मागितली. ऋतिकाच्या वडिलांनी दोन दिवस विचार केला आणि मग गेनबांना फोन करून विचारलं, की ते सात गडी तरी खरे आहेत ना. पुढचं तिथलं तिथे सुरळीत झालं. इकडे चैताली आणि शंभूच्या साखरपुड्याची तारीख ठरली. अकरा दिवस दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांशी इतके गुण्यागोविंदाने नांदले, की बापूरावांनी वहीत रोज 'निरंक' लिहिलं.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी जोडणी गेली.

बापूरावांनी चैतालीकडे पाहिलं. चैतालीने दोन्ही हात वर केले. मग दोघांनी सत्यशीलाबाईंकडे पाहिलं. "देवाशपथ नाही," त्या म्हणाल्या. "माझे हात पिठात आहेत."

दोनशेपैकी सदतीस स्थळं आत गेली होती आणि अडतिसावी मुलगी कपाळापर्यंत येऊन थांबली होती. शंभूला बोलावणं गेलं. आता तो घरचा होता, त्यामुळे चपला जोडायच्याही आधी तो टेबलाखाली गेला. वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. बापूराव आतून दर पाच मिनिटांनी "नाही" असं ओरडत होते. तासाभराने शंभू बाहेर आला. त्याच्या केसांत जळमटं होती आणि चेहरा रडवेला झाला होता.

"काय बिघडलंय?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"काकू, एक सांगायचं होतं," शंभू म्हणाला. "मी खतं विकतो."

"काय?"

"सेंद्रिय खतं. हडपसरला आमचं ऑफिस आहे, चैतालीच्या ऑफिसच्या शेजारी. कॉम्प्युटरचं मला काही येत नाही."

"मग इतके दिवस दुरुस्त कोण करत होतं?" बापूराव दारात येऊन उभे राहिले होते.

"चैतालीनं सांगितलं होतं, कोणती तार दाबायची ते. ती दाबून मी पडून राहायचो. नंतर तर काहीच न करताही सुरू व्हायला लागलं. मला वाटलं, आता आपल्याला जमून राहिलं."

सत्यशीलाबाईंनी खुर्ची ओढून घेतली. पंधरा वर्षांत त्यांनी अकराशे मुलांच्या पगाराचे कागद उलटेपालटे करून बघितले होते, ऑफिसांत फोन करून खात्री केली होती, आणि स्वतःच्या होणाऱ्या जावयाला तो काय करतो हे विचारायचं त्यांना सुचलं नव्हतं.

"हो का," चैताली बाह्या सरसावत म्हणाली. "सरका सगळे." ती टेबलाखाली शिरली. चार मिनिटांनी तिचा हात एक काळा ठोकळा घेऊन बाहेर आला. "डबीचा अडॅप्टर गेलाय. इतक्या वेळा बटण बंद-चालू केल्यावर काय होणार? माझ्या कपाटात जुना आहे, तो आणा कुणीतरी."

"तुला हे येत होतं?" बापूराव म्हणाले. "मग तो दाताचा डॉक्टर?"

टेबलाखालच्या हाताने ठोकळा पुन्हा हलवला. बापूराव अडॅप्टर आणायला गेले.

सत्यशीलाबाईंनी खण उघडून एक कोरा फॉर्म काढला, पिठाचे हात पदराला पुसले आणि शंभूला समोरच्या खुर्चीवर बसायची खूण केली. तो गुडघे जुळवून बसला. पूर्ण नाव, शिक्षण, गाव, भावंडं, त्या एकेक रकाना विचारत गेल्या आणि तो शाळेतल्या मुलासारखा उत्तरं देत गेला. खतांच्या रकान्याशी त्या जरा थांबल्या, पण लिहिलं.

"अपेक्षा?" त्यांनी शेवटी विचारलं.

"काही नाही काकू. सगळं मिळालं," शंभू म्हणाला.

टेबलाखालून चैतालीचा आवाज आला, "माझ्या आहेत आई. दुसरा कागद काढ."